सिस्ले: आभाळापासून चित्र सुरू करणारा चित्रकार

फ्रेंच चित्रकार आँरी मातीस तरुण असताना त्यानं एकदा म्हाताऱ्या कामीय पिसारो या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराला विचारलं, इम्प्रेशनिस्ट म्हणजे नेमका कोण, नमुन्यादाखल एक नाव सांगा. मोनेचं नाव तेव्हा गाजत होतं, रेन्वारचंही. पिसारोनं नाव घेतलं ते सिस्लेचं.

मला हे उत्तर फार नेमकं वाटतं. इम्प्रेशनिझम किंवा दृक्प्रत्ययवाद, म्हणजे उघड्यावर बसून बदलता प्रकाश जसा दिसतो तसा पकडायची एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रपद्धत, समजून घ्यायचा तर बहुतेकजण मोनेपासून सुरुवात करतात आणि त्याची कमळं, त्याची बाग, त्याचं लांबलचक आयुष्य यातच रमतात. रेन्वारकडे गेलं की माणसं आणि चेहरे येतात, देगाकडे गेलं की नर्तकी. आल्फ्रेड सिस्लेकडे यातलं काहीच नाही. नदी, रस्ता, पूल, बर्फ, पूर, आणि वर भलंमोठं आभाळ. सुमारे 900 तैलचित्रं त्यानं केली आणि त्यातली जवळजवळ सगळी निसर्गचित्रं आहेत, तीही बहुतांशी पॅरिसच्या आसपासच्या मोजक्या गावांमधली. त्यामुळे ही पद्धत त्याच्याकडे दुसऱ्या कशाची भेसळ न होता पाहायला मिळते. त्याचं आयुष्य सांगता सांगता ती आपोआप उलगडत जाते.

व्यापाराला रामराम

सिस्लेचा जन्म 30 ऑक्टोबर 1839चा, पॅरिसमधला, पण आईवडील इंग्रज. वडील विल्यम व्यापारी होते, घरात पैसा खेळता होता. 1857 साली मुलाला धंदा शिकायला लंडनला पाठवलं. तिथं चार वर्षं काढून तो परतला तो धंद्याला रामराम ठोकूनच. लंडनमध्ये टर्नर आणि कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकारांची चित्रं पाहायला मिळाली होती. कॉन्स्टेबलनं ढगांचा जितका कसून अभ्यास केला तितका त्याच्याआधी क्वचितच कुणी केला असेल, आणि सिस्लेच्या पुढच्या सगळ्या चित्रांत आभाळाला जो मान मिळाला त्याचं मूळ मला या लंडनच्या दिवसांत दिसतं.

1862मध्ये तो पॅरिसला शार्ल ग्लेर या स्विस चित्रकाराच्या स्टुडिओत दाखल झाला. ग्लेर स्वतः जुन्या वळणाचा, पण माणूस दिलदार. विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नसे, जागेचं भाडं आणि मॉडेलचा खर्च तेवढा त्यांनी वाटून द्यायचा. याच स्टुडिओत सिस्लेला मोने, रेन्वार आणि फ्रेदेरिक बाझीय भेटले. चौघंही विशीतले. 1864मध्ये स्टुडिओ बंद पडला आणि ही पोरं फाँतनब्लोच्या जंगलाकडे, आजूबाजूच्या खेड्यांकडे चित्रं काढायला जाऊ लागली. सिस्लेला महिन्याचे पैसे घरून येत होते, त्यामुळे चित्र विकलं जातं की नाही याची त्याला तेव्हा चिंता नव्हती. पुढं हेच महागात पडलं.

सॅलोंचं दार

त्या काळात पॅरिसमध्ये चित्रकार म्हणून उभं राहायचं तर मार्ग एकच होता, सॅलों. सॅलों म्हणजे सरकारी आश्रयानं भरणारं प्रचंड मोठं प्रदर्शन. हजारो चित्रं भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत दाटीवाटीनं टांगलेली असत. काय लावायचं ते परीक्षक मंडळ ठरवी. श्रीमंत लोक तिथं लागलेली चित्रं विकत घेत, वर्तमानपत्रं तिथल्याच चित्रांवर लिहीत. सॅलोंनं नाकारलेल्या चित्राला गिऱ्हाईक मिळणं मुश्किल होऊन बसे.

परीक्षकांच्या डोक्यात विषयांची एक उतरंड पक्की होती. सगळ्यांत वर इतिहास, पुराणकथा आणि बायबलातले प्रसंग. निसर्गचित्राची जागा बरीच खाली. निसर्गचित्र काढायचंच तर बाहेर बसून छोटे अभ्यास करा, मग स्टुडिओत येऊन त्यावरून मोठं, घोटीव, गुळगुळीत चित्र तयार करा, अशी रीत. ब्रशचा फटकारा दिसला की चित्र अर्धवट राहिलं असं समजलं जाई. सिस्लेची चित्रं 1866 आणि 1868 साली सॅलोंमध्ये लागली, 1867 आणि 1869 साली नाकारली गेली. परीक्षकांच्या मर्जीचा भरवसा असा नव्हता.

सिस्ले आणि त्याच्या मित्रांनी नेमकं वेगळं काय केलं? त्यांनी बाहेर केलेला अभ्यास हेच चित्र मानलं. ऐकायला साधं आहे, पण यानं सगळी गणितं बदलतात. उघड्यावर बसलात की प्रकाश तुमच्यासाठी थांबत नाही. ढग सरकतो, सावली फिरते, तासाभरात समोरचा देखावा दुसराच झालेला असतो. मग घोटत बसायला वेळ नसतो. ओल्या रंगावर ओला रंग द्यायचा, फटकारे भराभर मारायचे आणि ते दिसले तर दिसू द्यायचे. त्यांच्या चित्रांतले मोकळे, तुटक स्ट्रोक हे हौस म्हणून आलेले नाहीत, हवामानाशी चाललेल्या या शर्यतीतून आलेले आहेत.

हे जमायला काही व्यवहारी गोष्टीही जुळून याव्या लागल्या. पूर्वी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी फुटायची, रंग वाळायचा, बाहेर नेणं कटकटीचं. 1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगासाठी कथलाच्या पत्र्याची दाबून रंग काढायची ट्यूब शोधली. कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन हिरवा, कृत्रिम अल्ट्रामरीन, क्रोम यलो असे कारखान्यात तयार होणारे चकचकीत रंग बाजारात आले. आणि रेल्वे आली. सकाळी पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून गाडी धरायची, पंधरा-वीस किलोमीटरवरच्या सीनकाठच्या गावात उतरायचं, ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, खांद्यावर घेऊन नदीवर जायचं. इम्प्रेशनिस्टांचा भूगोल पाहिला तर तो बराचसा या रेल्वेलाइनीचाच भूगोल आहे.

सावली काळी नसते

आता रंगांकडे येऊ, कारण खरा गाभा इथं आहे.

जुन्या पद्धतीत कॅनव्हासला आधी तपकिरी किंवा गडद अस्तर देत आणि सावल्या तपकिरी-काळ्या मिश्रणानं रंगवत. वस्तूचा रंग ठरलेला: गवत हिरवं, भिंत पांढरी, सावली म्हणजे त्याच रंगात मिसळलेला काळा. सिस्ले आणि त्याचे मित्र फिकट अस्तराच्या कॅनव्हासवर काम करू लागले आणि समोर जे दिसतंय तेच लावायचं असं त्यांनी ठरवलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उघड्यावर पडलेली सावली काळी नसते.

हे का होतं ते समजून घेणं सोपं आहे. निरभ्र दिवशी जमिनीवर दोन ठिकाणांहून उजेड येतो. एक थेट सूर्याचा, किंचित पिवळसर. दुसरा सगळ्या निळ्या आभाळातून खाली झिरपणारा. झाडाच्या सावलीत सूर्याचा उजेड अडतो, आभाळाचा अडत नाही. म्हणून सावलीत निळा उतरतो. हिरव्या गवतावर तो पटकन कळत नाही, पण बर्फावर लपत नाही. सिस्लेची बर्फाची चित्रं पाहा: पांढऱ्या रस्त्यावर कुंपणाची सावली निळी-जांभळी पडलेली असते आणि उन्हाचा तुकडा फिकट पिवळा, कुठं गुलाबीकडे झुकलेला. निव्वळ पांढरा रंग शोधावा लागतो. ढगाळ दिवस असेल तर सावल्याच नाहीशा होतात आणि सगळं चित्र राखाडीच्या पाच-पंचवीस छटांत चालतं. या राखाडी छटांवर त्याचा हात मोनेपेक्षाही हळुवार आहे असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट रंगांच्या शेजाराची. मिशेल-युजेन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या धाग्याला काही ठिकाणी उठाव येत नाही अशी तक्रार आली तेव्हा त्यानं शोध घेतला आणि दाखवून दिलं की दोष धाग्यात नाही, त्याच्या शेजारच्या रंगात आहे. 1839 साली त्याचा ग्रंथ आला. पैठणी निवडताना आपल्याकडच्या बायका हे रोज करतात: तोच हिरवा पदर लाल काठाशेजारी धरला की पेटून उठतो आणि निळ्याशेजारी धरला की विझतो. इम्प्रेशनिस्टांनी हे ओळखून रंग पॅलेटवर घोटून एकजीव करायचं कमी केलं आणि वेगवेगळ्या रंगांचे फटकारे शेजारीशेजारी ठेवले. जवळून ते फटकारे सुटे दिसतात, चार पावलं मागं सरलं की पाणी चमकू लागतं.

सिस्लेनं यातून काढलेला निष्कर्ष त्याचा स्वतःचा आहे. 1890च्या दशकात आदोल्फ ताव्हेर्निए या कलासमीक्षक मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आभाळ म्हणजे मागं लावलेला नुसता पडदा नव्हे. चित्राला खोली आणि हालचाल त्यातूनच येते, आणि तो नेहमी आभाळापासूनच सुरुवात करतो. त्याच पत्रात तो असंही म्हणतो की एकाच चित्रात वेगवेगळ्या जागी रंग लावण्याची पद्धत वेगवेगळी असावी. हे त्याच्या चित्रांत तपासता येतं. पाण्यावर आडवे लांब फटकारे, पानांवर छोटे तुटक ठिपके, भिंतीवर सपाट रंग, ढगात ब्रश गोल फिरलेला.

सगळा उजेड वरूनच येत असेल तर सुरुवात वरून करायची, यात तर्क आहे. आभाळ एकदा बसलं की खालच्या छपराचा, चिखलाचा, पाण्याचा रंग कोणता हे ठरूनच जातं. सिस्लेच्या चित्राचं आभाळ तळव्यानं झाकून नुसता खालचा भाग पाहिला तरी वर काय असेल, ऊन की मळभ, सकाळ की संध्याकाळ, हे सांगता येतं.

युद्ध आणि उतरलेले दिवस

1866च्या सुमारास ओझेनी लेस्कुएझेक ही ब्रिटनी प्रांतातली तरुणी त्याच्या आयुष्यात आली. 1867 साली मुलगा पिएर झाला, 1869 साली मुलगी जान. लग्न मात्र झालं नव्हतं.

मग 1870चं फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध आलं. बाझीय सैन्यात गेला आणि 28 नोव्हेंबर 1870 रोजी लढाईत मारला गेला. बूझिव्हाल गावातलं सिस्लेचं घर शत्रूच्या हाती पडलं, आतलं सामान आणि सुरुवातीची पुष्कळ चित्रं गेली. त्याची 1870 आधीची चित्रं आज फार थोडी सापडतात ती यामुळे. त्यातच वडिलांचा धंदा बुडाला. घरून येणारे पैसे थांबले. तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, आणि हातात विद्या एकच, तीही न विकली जाणारी.

तो पॅरिसच्या पश्चिमेला लुव्हसिएन गावी राहायला गेला, पुढं शेजारच्या मार्ली-ल-र्वाला. ही दहा वर्षं हलाखीची आणि कामाच्या दृष्टीनं सगळ्यांत भरीव. चौदाव्या लुईनं व्हर्सायच्या कारंज्यांना पाणी पुरवण्यासाठी सीनवर पाणी उपसणारं यंत्र आणि डोंगरावर जलसेतू बांधला होता. सिस्लेनं तो जलसेतू, यंत्राकडे जाणारा रस्ता, जुन्या राजवाड्याचा उरलेला घोड्यांचा हौद, सगळं रंगवलं, तेही राजवैभव म्हणून नाही, गावातली रोजची जागा म्हणून. ‘मार्लीचा हौद’ हे 1875चं थंडीतलं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

1874 साली मोने, रेन्वार, पिसारो, देगा, बेर्त मोरिसो, सिस्ले आणि इतरांनी सॅलोंची वाट सोडली आणि नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन मांडलं. 15 एप्रिलपासून महिनाभर. लुई लरुआ या पत्रकारानं मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्रावरून टिंगल केली आणि त्यातूनच या गटाचं नाव पडलं. अशी आठ प्रदर्शनं झाली, सिस्ले त्यातल्या चारांत होता: 1874, 1876, 1877 आणि 1882.

त्याच 1874च्या उन्हाळ्यात झाँ-बातिस्त फोर या ऑपेरा गायकानं, जो त्याचा मोठा गिऱ्हाईक होता, त्याला खर्च देऊन इंग्लंडला नेलं. थेम्सकाठी हॅम्प्टन कोर्टजवळ त्यानं काही महिन्यांत पंधरा-वीस चित्रं केली. त्यातलं एक पुलाच्या खाली उभं राहून काढलेलं आहे. लोखंडी खांब दोन्ही बाजूंनी उभे, वर पुलाचा काळोखा माळा, पलीकडे नदी आणि ऊन. 1874 साली अशी जागा निवडायला धाडस लागतं.

पोर्ट-मार्लीचा पूर

मार्च 1876मध्ये सीनला पूर आला. पोर्ट-मार्ली गावात पाणी शिरलं. सिस्ले ईझल घेऊन गेला आणि त्यानं पुराची सहाएक चित्रं केली. 1872च्या पुराचीही त्यानं केली होती, पण 1876ची त्याच्या सगळ्या कामातली शिखरं आहेत. दोन पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत.

त्यातलं मोठं चित्र घेऊ. डाव्या बाजूला दारूच्या दुकानाची उंच इमारत, दर्शनी भिंत फिकट पिवळसर-गुलाबी, वर पाटी. इमारत जणू पाण्यातूनच वर आलेली. तिच्यापुढे होड्या. उजवीकडे पाणी दूरवर पसरलेलं, त्यातून झाडांचे बुंधे ओळीनं उभे, म्हणजे त्यांच्या खाली रस्ता असणार हे कळतं. वर ढग धावताहेत, मध्येच निळा तुकडा. आणि तेच ढग, तोच निळा, इमारतीचा तोच पिवळसर उजेड खाली पाण्यात पुन्हा.

पुराचं चित्र म्हटलं की आपल्याला आक्रोश अपेक्षित असतो. वाहून जाणारी गुरं, छपरावर बसलेली माणसं. जुन्या परंपरेतल्या चित्रकारानं हेच रंगवलं असतं. सिस्लेकडे माणसं शांतपणे होडीतून ये-जा करताहेत. कुणी म्हणेल हा निर्दयपणा आहे. मला तसं वाटत नाही. नदीकाठची माणसं पुरात जगतात कशी हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि जे दिसलं ते लावलं, त्यात पदरचं रडणं घातलं नाही. शिवाय चित्रकार म्हणून त्याला इथं एक गोष्ट आयती मिळाली होती: एरवी वर असणारं आभाळ खाली उतरून रस्त्यावर पसरलं होतं. त्याच्या आवडीचा सगळा उजेड चित्राच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांत.

हे चित्र त्यानं 180 फ्रँकला विकलं असं सांगतात.

पैशाचं गणित

मोने आणि रेन्वार पुढं श्रीमंत झाले, मग सिस्लेच का नाही? यामागं दुर्दैवाखेरीज बाजाराची रचनाही होती.

सॅलों सोडल्यावर या गटाचा आधार एका माणसावर होता, पॉल द्युराँ-र्युएल या चित्रविक्रेत्यावर. तो चित्रकारांना आगाऊ पैसे द्यायचा आणि चित्रं घ्यायचा. पण तो स्वतः कर्जावर चालत होता. धंदा मंद झाला की खरेदी थांबे आणि सगळ्यांची चूल एकदम थंडावे. 24 मार्च 1875 रोजी मोने, रेन्वार, सिस्ले आणि मोरिसो यांनी ओतेल द्रुओ या लिलावघरात आपली चित्रं लिलावाला काढली. तिथं लोकांनी इतका गोंधळ घातला की पोलीस बोलवावे लागले. चित्रं मातीमोल गेली, सिस्लेची साधारण शंभराएक फ्रँकनं.

1878 साली त्यानं तेओदोर द्युरे या समीक्षकाला पत्र लिहून विचारलं की सहा महिने दरमहा 500 फ्रँक देणारा कुणी मिळेल का, बदल्यात 30 चित्रं देईन. म्हणजे एका चित्राला 100 फ्रँक. पुढच्या वर्षी हे नुसतं तगून राहणं पुरे झालं म्हणत त्यानं पुन्हा सॅलोंकडे चित्र पाठवलं. नाकारलं गेलं, आणि घरही सोडावं लागलं. जरा बरे दिवस येताहेत असं वाटत होतं तोच 1882 साली युनियन जनराल ही बँक कोसळली, द्युराँ-र्युएलला पैसा पुरवणारेच अडचणीत आले आणि पुन्हा खरेदी बंद.

मोनेकडे बाजाराची जाण होती. तो विक्रेत्यांना एकमेकांविरुद्ध खेळवू शके, गवताच्या गंजींची मालिका एकत्र मांडून खळबळ उडवू शके. रेन्वारला श्रीमंतांच्या घरची व्यक्तिचित्रं मिळत. सिस्लेकडे विकायला एकच गोष्ट होती, शांत निसर्गचित्र. त्यात तो भिडस्त आणि पुढंपुढं संशयी झाला, जुन्या मित्रांपासून तुटला. खरेदीदारांना दरवर्षी काही नवं हवं असतं आणि हा मनुष्य त्याच नदीकाठी, तेच पूल पुन्हा काढत होता. त्याच्या कामातली जी सखोलता आज आपल्याला दिसते तिला तेव्हा एकसुरीपणा म्हटलं गेलं.

मोरेचं देऊळ

1880 साली तो पॅरिसपासून दूर, फाँतनब्लोपलीकडे, ल्वँ नदीच्या परिसरात गेला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. मोरे हे नदीकाठचं जुनं तटबंदीचं गाव. 1881 साली मोनेला लिहिलेल्या पत्रात तो एखाद्या घर शोधणाऱ्या गृहस्थासारखी माहिती देतो: पॅरिसहून दोन तास, आठवड्याला बाजार, देखणं चर्च, भाडं वर्षाला 600 ते 1000 फ्रँक. मोने काही तिकडे गेला नाही, पण सिस्ले रमला. तिथला दगडी पूल, गिरण्या, पॉपलर झाडांची वाट, कालवा, हे त्याच्या पुढच्या वीस वर्षांचे विषय.

1893-94 मध्ये त्यानं मोरेच्या नोत्र-दाम चर्चची चौदाएक चित्रं केली. त्याच सुमारास मोने रुआँच्या कॅथीड्रलची मालिका करत होता, त्यामुळे तुलना होतेच. मोनेनं कॅथीड्रलच्या अगदी समोर उभं राहून दर्शनी भाग कॅनव्हासभर घेतला. दगड विरघळून नुसता रंग उरतो. सिस्ले चर्चकडे तिरक्या कोनातून पाहतो. दोन बाजू दिसतात, खाली रस्ता, शेजारी घरं, चालणारी माणसं, आणि वर आभाळ. पावसात दगड ओला राखाडी, थंडीच्या उन्हात निळसर, संध्याकाळी मधासारखा. पण चर्च चर्चच राहतं, त्याचं वजन जात नाही. गावातल्या माणसाला रोज जाता-येता जसं दिसतं तसं. दोघांत थोर कोण हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. मोने प्रकाशामागं इतका गेला की वस्तू मागं पडली. सिस्लेनं दोन्ही धरून ठेवलं, आणि ते कमी अवघड नाही.

1890पासून राष्ट्रीय ललितकला संस्थेच्या प्रदर्शनांत त्याला जागा मिळू लागली. 1897च्या सुरुवातीला जॉर्ज पती यांच्या गॅलरीत त्याच्या कामाचं मोठं सिंहावलोकन भरलं. आयुष्यभराचं काम एकत्र. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही आणि एकही चित्र विकलं गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात रुआँच्या फ्रांस्वा दपो या उद्योजकानं खर्च देऊन त्याला वेल्सला पाठवलं. 5 ऑगस्ट 1897 रोजी कार्डिफच्या नोंदणी कार्यालयात त्यानं आणि ओझेनीनं अखेर लग्न केलं, तीस वर्षांच्या संसारानंतर, मुलांना कायद्यानं नाव मिळावं म्हणून. दोघंही तेव्हा आजारी होते. या प्रवासात पेनार्थ आणि लँगलँडच्या उपसागरावर त्यानं समुद्र रंगवला, आयुष्यात पहिल्यांदाच: कड्यांवरून दिसणारी जहाजं, लाटांतला एकटा मोठा खडक. नदीच्या संथ पाण्यावर हात बसलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी फेसाळणारं पाणी शिकत होता.

ओझेनी ऑक्टोबर 1898मध्ये गेली. सिस्लेला घशाचा कॅन्सर होता. फ्रेंच नागरिकत्व मिळवायचे त्याचे प्रयत्न शेवटी अपुरेच राहिले. पॅरिसमध्ये जन्मला, आयुष्य फ्रान्समध्ये काढलं, तरी कागदावर तो ब्रिटिशच राहिला. शेवटच्या दिवसांत त्यानं मोनेला बोलावून घेतलं आणि मुलं त्याच्या हवाली केली. 29 जानेवारी 1899 रोजी मोरेमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या थोडे दिवस आधी पिसारोनं मुलाला लिहिलं होतं की सिस्ले हा मोठमोठ्यांच्या बरोबरीचा चित्रकार आहे, आणि पुराच्या चित्राचा उल्लेख खास केला होता.

नंतर

मोनेनं शब्द पाळला. 1 मे 1899 रोजी सिस्लेच्या स्टुडिओतल्या चित्रांचा लिलाव झाला, मित्रांनीही आपापली चित्रं त्यात दिली, आणि मुलांसाठी लाख फ्रँकच्या वर रक्कम उभी राहिली. पुढच्याच वर्षी ताव्हेर्निएचा संग्रह विकला गेला. त्यात ते पोर्ट-मार्लीच्या पुराचं चित्र होतं. इसाक द कामाँदो या सावकारानं ते 43,000 फ्रँकला घेतलं. मृत्यूनंतर जेमतेम चौदा महिन्यांत. कामाँदोनं आपला संग्रह देशाला दिला म्हणून ते आज सगळ्यांना पाहता येतं. 2017 साली लंडनमध्ये लुव्हसिएनच्या बर्फाचं एक चित्र 70 लाख पौंडांच्या पुढं गेलं.

मोरेच्या पॉपलर झाडांच्या वाटेचं 1890चं चित्र तर नीसच्या संग्रहालयाकडून तीनदा चोरीला गेलं: 1978, 1998 आणि 2007 साली. पहिल्यांदा ते मार्सेयच्या गटारात सापडलं. दुसऱ्या चोरीत खुद्द संग्रहालयाचा अभिरक्षकच दोषी ठरला. तिन्ही वेळा चित्र परत मिळालं.

सिस्लेची ओळख करून घ्यायला पॅरिसला जायलाच हवं असं नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर 1872चं ‘व्हिलनव्ह-ला-गारेनचा पूल’ मोठ्या आकारात मोफत पाहता येतं. झुलत्या पुलाची कमान डावीकडून तिरकी आत शिरते, काठावर घरं, खाली होडीत एक जोडपं. आधी संपूर्ण चित्र पाहावं. मग पाण्यावर झूम करावं: निळे, तपकिरी, हिरवे रुंद आडवे फटकारे, एकमेकांत न मिसळलेले, काही ठिकाणी ब्रश एकदाच टेकवून उचललेला. पुलाखालच्या सावलीत काळा कुठे आहे का ते शोधावं. आणि मग वरच्या आभाळाकडे जाऊन तिथला निळा खाली पाण्यात कुठं कुठं उतरला आहे ते बघावं.